‘सुधारणा होऊन घरी सोडले’ : कोकणातल्या आरोग्य अधिकाऱ्यांना एका औषध दुकानदाराचं खुलं पत्र

प्रति,
कोकणातल्या सागरी जिल्ह्यांचे जिल्हा शल्यचिकित्सक, जिल्हा आरोग्य अधिकारी आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे अधिष्ठाता

स.न.वि.वि.

तुम्हा तिघांना एकाच पत्रात गाठतोय. शल्यचिकित्सक सार्वजनिक आरोग्य विभागाचे, आरोग्य अधिकारी जिल्हा परिषदेचे, अधिष्ठाता वैद्यकीय शिक्षणाचे. तिघांची दालनं वेगळी, जावक क्रमांक वेगळे, वरचे सचिवही वेगळे. पण माझ्या काउंटरवर तुम्हा तिघांचे कागद एकाच प्लास्टिकच्या पिशवीतून येतात, एकमेकांना चिकटून, पावसाळ्यात थोडे ओले. म्हणून पत्रही एकच लिहितो.

तालुक्याच्या गावात, एसटी स्टँडसमोर माझं औषधांचं दुकान आहे. यंदा एकतीस वर्षं झाली. डिस्चार्ज मिळालेला माणूस घरी पोचायच्या आधी त्याचा कागद माझ्याकडे पोचतो. रिक्षा चालू ठेवून मुलगा किंवा जावई पायऱ्या चढून येतो, पेशंट मागच्या सीटवर डोकं टेकून बसलेला असतो. “भाऊ, जरा बिगीन करा, वस्तीची गाडी चुकात.” मी गोळ्या काढतो, कात्रीने पट्टी कापतो, पाकिटावर सकाळ-दुपार-रात्र अशा खुणा करतो. दोन मिनिटांचं काम. त्या कागदावर सहसा एक शेरा असतो, ‘सुधारणा होऊन घरी सोडले’. इंग्रजी कागद असला तर ‘स्टेबल’.

यातली काही माणसं महिन्याभरात पुन्हा त्याच रिक्षातून येतात. पिशवी तीच, फक्त जाड झालेली. आणि अशी दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा येणारी पिशवी मला गेली काही वर्षं घाबरवते, कारण पुढचं माझ्या उधारीच्या वहीत दिसतं. पुन्हा दाखल झालेल्या माणसाची उधारी पुष्कळदा तो स्वतः फेडायला येत नाही. मुंबईहून आलेला मुलगा येतो, डोकं भादरलेलं असतं. बाराव्या-तेराव्याच्या सामानाची यादी त्याच्या एका हातात असते, दुसऱ्या हाताने तो पैसे मोजतो. मग मी नावावर रेघ मारतो.

हे माझं निरीक्षण, संशोधन नव्हे. दुकानदाराच्या वहीवरून सरकारने काही ठरवू नये, हे मलाही कळतं. माझी भाची मुंबईत मेडिसिनला एमडी करते. मे महिन्यात आंबे न्यायला आली होती, तेव्हा तिला हे बोललो. ती म्हणाली, “मामा, हे फक्त तुझ्या वहीत नाही.” मग तिने मला जे दाखवलं त्यातलं मला उमगलं तेवढं लिहितो.

अमेरिकेत म्हाताऱ्या माणसांसाठी मेडिकेअर नावाचा सरकारी विमा आहे. त्यातल्या रुग्णांवरचा एक अभ्यास २००९ साली आला. रुग्णालयातून घरी गेलेल्यांपैकी १९.६ टक्के, म्हणजे जवळजवळ पाचातला एक, तीस दिवसांत परत दाखल झाला होता. त्याहून मला लागलं ते पुढचं. ऑपरेशनसाठी नव्हे तर आजारासाठी दाखल होऊन परत आलेल्या या लोकांपैकी निम्म्यांची मधल्या काळात कुठल्याच डॉक्टरशी गाठ पडल्याचं बिल सापडलं नाही. अमेरिकेत, जिथे बारीकसारीक गोष्टीचं बिल होतं, तिथे.

दुसरा अभ्यास कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातला, २००७ सालचा. हृदय दुर्बल झालेल्या, आपण ज्याला हार्ट फेल्युअर म्हणतो त्या, हजारो रुग्णांचा. पहिल्यांदा दाखल झाल्यानंतर निम्मे रुग्ण २.४ वर्षांच्या आत गेले होते. दुसऱ्यांदा दाखल झाल्यानंतर तोच काळ १.४ वर्षं. तिसऱ्यांदा, एक वर्ष. चौथ्यांदा ०.६ वर्षं, म्हणजे जेमतेम सात महिने. मी हे आकडे बिलाच्या पाठीवर लिहून ठेवले आहेत आणि ते बिल अजून गल्ल्यात आहे.

आपल्याकडचंही आहे. देशातल्या ५३ रुग्णालयांत हार्ट फेल्युअरने दाखल झालेल्या १०,८५१ रुग्णांची नोंद २०१९-२० मध्ये झाली. नव्वद दिवसांत १४.२ टक्के माणसं गेली. साताला एक. आणि त्यांचं सरासरी वय साठीच्या आसपास होतं. साठीची माणसं आमच्याकडे अजून माडावर चढतात.

आता कुणी म्हणेल, जास्त आजारी माणूसच परत दाखल होतो आणि जास्त आजारी माणूसच मरतो, यात नवल काय? बरोबर आहे. परत दाखल होण्यामुळे माणूस मरतो असं मी म्हणत नाही. खाडीकाठच्या विहिरीचं पाणी एप्रिलमध्ये मचूळ लागायला लागतं. ती चव काही विहीर नासवत नाही, पण खारं पाणी आत शिरलंय हे तीच पहिल्यांदा सांगते. आमच्याकडची बाई ती चव लागल्याबरोबर पिण्याचं पाणी दुसरीकडून आणायला लागते. तुमच्या यंत्रणेत माणूस दुसऱ्यांदा येतो तेव्हा ती चव कुणाच्या जिभेला लागत नाही. नवा केसपेपर निघतो, नवा क्रमांक पडतो, सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

माझ्या काकांचं सांगतो. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही, कारण तिथल्या डॉक्टरांबद्दल माझी तक्रार नाही. त्यांनी जे केलं ते नीट केलं.

काका एसटीत ड्रायव्हर होते. वय एकाहत्तर. जूनच्या पहिल्या आठवड्यात धाप लागली, पाय सुजले, रात्री आडवं होता येईना. दाखल केलं, हृदय दुर्बल होऊन फुप्फुसात पाणी झालं होतं ते काढलं, सहा दिवसांनी सोडलं. कागदावर पाच गोळ्या, ‘सॉल्ट रिस्ट्रिक्टेड डाएट’ आणि पंधरा दिवसांनी दाखवायला या. गोळ्या मीच दिल्या. पाकिटांवर खुणा मीच केल्या.

काकांचं घर समुद्राकडच्या वाडीत. रस्त्यापासून खाली पाखाडीच्या ८४ पायऱ्या, जांभ्याच्या, पावसात शेवाळलेल्या. संडास परसात, घरापासून वीस पावलांवर. पाण्याची गोळी, म्हणजे लघवी वाढवून अंगातलं पाणी काढणारी, ती घेतली की माणसाला चार वेळा उठावं लागतं. काका ती सकाळी विसरायचे, संध्याकाळी आठवण झाली की घ्यायचे आणि मग रात्री धो-धो पावसात छत्री-बॅटरी घेऊन परसात जायचे. एकदा घसरले. त्यानंतर त्यांनी ती गोळी परस्पर बंद केली. कुणाला सांगितलं नाही. बरं वाटत होतं ना! “आता बरा आसा, मग गोळी कित्याक?” हे वाक्य मी काउंटरवर आठवड्यातून एकदा तरी ऐकतो.

आणि मीठ. मीठ कमी म्हणजे ताटातलं मीठ उचलायचं, एवढंच काकीला कळलं. तिने ते इमानाने केलं. पण पावसाळ्यात मासेमारी बंद असते, आमच्या घरांत सुकट, सुके बोंबील आणि खारा बांगडा चालतो. सकाळी पेज, पेजेबरोबर लोणच्याची फोड नाहीतर मिठातली कैरी. पोट साफ राहावं म्हणून सोलकढी, आणि ती आगळाची, म्हणजे मीठ घालून टिकवलेल्या कोकमाच्या रसाची. आगळात मीठ किती असतं ते कोकणात वेगळं सांगायला नको. आजारी माणसाच्या तोंडाला चव नसते म्हणून हे सगळं त्याला जास्तच वाढलं जातं. कुणीतरी काकीला तिच्या भाषेत एवढंच सांगायला हवं होतं की बांगडा आणि आगळ बंद. ‘सॉल्ट रिस्ट्रिक्टेड’ हे शब्द काकीच्या स्वयंपाकघरात शिरलेच नाहीत.

गुडघ्याचं माझ्या माथी. त्या पाखाडीने वाडीतल्या सगळ्यांचे गुडघे गेलेत. काकांनी माझ्या दुकानातल्या पोराकडून दुखण्याच्या गोळ्यांची पट्टी नेली होती, डायक्लोफिनॅकची. ही गोळी अंगात पाणी आणि मीठ धरून ठेवते, किडनीला त्रास देते, हृदय दुर्बल असलेल्याने ती टाळावी, हे मी फार्मसीच्या पुस्तकात वाचलेलं होतं. पोराला सांगितलं नव्हतं. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण तुमच्याकडे बोट दाखवायचं तर आधी हे लिहिणं भाग आहे.

सतराव्या दिवशी पहाटे १०८ ला फोन केला. गाडी आली, पण रस्त्यापर्यंत. चौघांनी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून काकांना ८४ पायऱ्या वर आणलं. पुन्हा दाखल. नऊ दिवस. पुन्हा ‘सुधारणा होऊन’. या खेपेला त्यांची चड्डीसुद्धा कमरेवर राहत नव्हती इतके ते वाळले होते, जेवताना हात थरथरायचा. आम्हाला वाटलं, पाणी उतरलं म्हणून बारीक दिसतात.

अकराव्या दिवशी पहाटे काकी चहा घेऊन गेली तर ते भिंतीला टेकून बसलेले होते, गेलेले.

दिवसकार्य झाल्यावर काकी उरलेल्या गोळ्या परत द्यायला दुकानात आली. नवऱ्याच्या औषधाचे पैसे वाया जाऊ नयेत, एवढाच तिचा हिशेब. पाण्याच्या गोळ्यांच्या दहाच्या पट्टीतल्या सात शिल्लक होत्या. शिवाय त्याच औषधाची दुसरी पट्टी निघाली, पहिल्या खेपेची, दुसऱ्या कंपनीच्या नावाची. एकच औषध, दोन नावं, दोन रंगांची पाकिटं. काका कधी दोन्ही घेत असतील, कधी एकही नाही. ते आता कळायला मार्ग नाही.

रुग्णालयातल्या मुक्कामाबद्दल एक गोष्ट मला उशिरा समजली. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचे हृदयरोगतज्ज्ञ हार्लन क्रमहोल्झ यांनी २०१३ साली तिला ‘पोस्ट-हॉस्पिटल सिंड्रोम’ असं नाव दिलं. माणूस ज्या आजारासाठी दाखल झाला तो आजार बरा होत असतो, पण आठ-दहा दिवस झोप नीट नाही, अन्न पोटभर नाही, सारख्या सुया, दिवसभर खाटेवर, रात्र की दिवस ते कळत नाही. यातून एक वेगळाच अशक्तपणा येतो आणि काही आठवडे माणूस कशालाही बळी पडू शकतो. अगदी निरोगी म्हाताऱ्यांना दहा दिवस खाटेवर ठेवून पाहिलं, तर त्यांच्या पायांतलं जवळजवळ किलोभर मांस झडलं होतं. म्हणूनच हृदयासाठी दाखल होऊन परत येणाऱ्यांतले साधारण तिसरा हिस्साच पुन्हा हृदयासाठी येतात. बाकीचे न्यूमोनिया, किडनी, पडून मोडलेलं हाड, काहीही घेऊन येतात. रुग्णालय सोडताना माणूस आजारातून उठलेला असतो, पण अंगात ताकद आलेली नसते. आमच्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना उठू देत नाहीत, हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं. दवाखान्यातून आलेल्या म्हाताऱ्याला मात्र तिसऱ्या दिवशी काजूच्या बागेत पाठवतात.

हृदयाचंच तेवढं लिहितोय, कारण घरात ते पाहिलं. दम्याचं आणि फुप्फुसं निकामी होण्याचंही असंच आहे. आयुष्यात कधी विडी न ओढलेल्या, पण चुलीपुढे भात उकडण्यात आणि काजू भाजण्यात जन्म गेलेल्या बायका दर थंडीत परत परत दाखल होतात आणि दर खेपेला थोड्या कमी होऊन घरी येतात.

मूळ मुद्दा असा की घरी सोडल्यापासून पुढचे तीस दिवस माणूस कुणाचा, याचं उत्तर तुमच्या तिघांच्या यंत्रणेत नाही. शल्यचिकित्सकांच्या किंवा अधिष्ठात्यांच्या दारातून तो बाहेर पडला, त्यांचं रजिस्टर बंद झालं. प्राथमिक आरोग्य केंद्र, उपकेंद्र, आशाताई या जिल्हा परिषदेकडे, आणि अमक्या वाडीतला अमका काल घरी आला हे त्यांना कुणी कळवत नाही. काका दोन वेळा दाखल होऊन आले, पण आमच्या आशाताईला ते कळलं मयतीला. ती रडली. म्हणाली, मी रोज त्या पाखाडीवरून जाते.

ती रोज जाते, कारण खालच्या घरात बाळ जन्मलं होतं. इथेच मला तुमच्याशी भांडायचं आहे. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जाते. वजन करते, ताप बघते, दूध ओढतं का ते बघते, वहीत लिहिते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायकांना शिकवून नवजात बाळांचे मृत्यू कमी करून दाखवले, त्यातून हे उभं राहिलं आणि २०११ पासून देशभर लागू झालं. म्हणजे घरी परतलेल्या नाजूक जिवामागे ठरलेल्या दिवशी माणूस पाठवायचं कसं, हे महाराष्ट्राने जगाला शिकवलंय. मग एकाहत्तर वर्षांच्या नाजूक जिवासाठी का नाही?

फार काही लागणार नाही. सोडलं त्याच दिवशी रुग्णालयातून उपकेंद्राच्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला एक फोन किंवा मेसेज. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आशाताईची पहिली फेरी, मग सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, तिसाव्या. तिने पाय दाबून खळगा पडतो का बघायचं. रात्री किती उशा लागतात विचारायचं. दोनाच्या तीन झाल्या की समजायचं काय ते. पट्टीतल्या उरलेल्या गोळ्या मोजायच्या. वजन करायचं, अंगणवाडीत गरोदर बायांसाठी काटा असतोच, तो एका दिवसासाठी मिळू शकतो. तीन दिवसांत दोन किलो वजन वाढलं तर ते मांस नव्हे, पाणी आहे, आणि धाप लागायच्या चार-पाच दिवस आधी काटा ते सांगतो. मग उपकेंद्रातून ई-संजीवनीवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन सल्ला-सेवेवर, डॉक्टरला दाखवायचं, गोळी वाढवायची की वर न्यायचं ते तो ठरवेल. चौघांनी खुर्ची उचलायची वेळच येऊ नये.

पण हे काम आशाताईंवर फुकट टाकू नका. त्यांना मानधनासाठी मुंबईत मैदानात बसावं लागतं ते आम्ही टीव्हीवर बघतो. बाळाच्या फेऱ्यांचा जसा मोबदला ठरलेला आहे तसा याचाही ठरवा. काकांच्या दुसऱ्या मुक्कामावर सरकारचं जे खर्च झालं असेल त्यात अशा कितीतरी फेऱ्या बसल्या असत्या.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या पॅकेजात घरी सोडल्यानंतरच्या दहा दिवसांपर्यंतचा उपचार धरलेला आहे, हे माझ्या काउंटरवर येणाऱ्या शंभरातल्या नव्व्याण्णव लोकांना माहीत नसतं. योजनेतून बाहेर पडून ते थेट माझ्याकडे येतात आणि खिशातून पैसे देतात. माझा धंदा होतो. तरी सांगतो, तुमच्या आरोग्यमित्रांना हे डिस्चार्जच्या वेळी मोठ्याने वाचून दाखवायला लावा.

आता मोजण्याबद्दल, आणि इथे जरा जपून. तुमच्यापैकी कुणी उत्साहाने फर्मान काढाल की रीअ‍ॅडमिशन कमी करा, महिन्याला तक्ता पाठवा. कृपा करून तसं करू नका. अमेरिकेने ते केलं. २०१० च्या कायद्याने ठरलं आणि ऑक्टोबर २०१२ पासून ज्या रुग्णालयांत रुग्ण जास्त परत येतात त्यांचे पैसे कापायला सुरुवात झाली. परत येणं कमी झालं. पण २०१८ साली तिथल्याच संशोधकांनी मांडलं की हार्ट फेल्युअरच्या आणि न्यूमोनियाच्या रुग्णांत घरी सोडल्यानंतरच्या तीस दिवसांतले मृत्यू वाढलेले दिसतात, आणि ही वाढ मुख्यतः परत दाखल न झालेल्यांतली आहे. हार्ट अटॅकच्या रुग्णांत तसं दिसलं नाही. हे दंडामुळेच झालं का, यावर तिथे अजून वाद आहे. मला वाद सोडवायचा नाही. मला आमचा कॅज्युअल्टीबाहेरचा बाक दिसतो. तक्ता चांगला दिसावा म्हणून एखाद्या धाप लागलेल्या म्हातारीला त्या बाकावर नेब्युलायझर देऊन परत पाठवलं, तर तक्त्यात ती यशच ठरेल.

काका दुसऱ्यांदा घरी आले आणि तिसऱ्यांदा दाखल झालेच नाहीत. तुमच्या तक्त्यात तेही यशच.

म्हणून परत येणं आणि मरणं, दोन्ही एकत्र मोजा. त्याला नवं सॉफ्टवेअर नको. घरी झालेल्या मृत्यूची नोंद २१ दिवसांत ग्रामपंचायतीत होते, १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याखाली. त्या फॉर्मात मृत्यूपूर्वी वैद्यकीय मदत मिळाली होती का, असा प्रश्नही आहे. त्याच्या जोडीने आणखी एक तोंडी विचारायचा, गेल्या महिन्याभरात हा माणूस कुठल्या दवाखान्यातून घरी आला होता का? उत्तर ‘हो’ असेल तर ते नाव तालुक्याला कळवायचं आणि रुग्णालयाच्या डिस्चार्ज रजिस्टरशी ताडून पाहायचं. एका तालुक्यात, एका पावसाळ्यापुरतं करून बघा. कुणाला शिक्षा करायला नव्हे. कुठल्या आजाराचे, कुठल्या वाडीतले, कितव्या दिवशी जातात, एवढं कळायला.

नोंद ठेवल्याने काय होतं ते कोकणाला सांगायची गरज पडू नये. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर १९७० च्या दशकात रुजू झाले, तेव्हा लाल विंचवाच्या दंशाने गंभीर झालेल्यांतले सुमारे ४० टक्के दगावत. ते खाटेशेजारी बसून तासातासाला रक्तदाब, नाडी, श्वास टिपत राहिले. हे विष हृदयावर जातं आणि फुप्फुसात पाणी होऊन माणूस मरतो, हे त्यांना त्या नोंदींतून उमगलं. पुढे प्राझोसिन नावाची रक्तदाबाची साधी गोळी वापरून त्यांनी मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आणलं. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, २०२२ साली पद्मश्री मिळाली, पण सुरुवात प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या वहीपासून झाली. काकांच्याही फुप्फुसात पाणीच होतं. फक्त विंचू दिसत नव्हता.

दुसऱ्यांदा दाखल झालेल्याचं वेगळं सांगायचंय. त्याच्या केसपेपरवर लाल शिक्का मारा, काहीही करा, पण वॉर्डातल्या शेवटच्या इंटर्नपर्यंत कळू द्या की हा माणूस महिन्याभरात परत आलाय. सोडायच्या आधी पाच मिनिटं घरच्यांना बसवून, आमच्या भाषेत, काय चुकलं ते विचारा. पाण्याची गोळी का घेतली नाही, हे काकांना कुणी विचारलं असतं तर परसातला संडास आणि पाऊस निघाला असता, आणि गोळी सकाळी सातलाच घ्यायची किंवा खाटेजवळ भांडं ठेवायचं एवढ्यावर प्रश्न मिटला असता. आणि जिथे खरंच हाती फार राहिलेलं नसतं, तिथे तेही सांगा. काकांचे मुलगे मुंबईला होते. त्यांना ‘स्टेबल’ सांगितलं, ते दोन दिवस राहून परत गेले. परिस्थिती नाजूक आहे असं कळलं असतं तर एकजण तरी थांबला असता. ते आता मला फोनवर पुन्हा पुन्हा विचारतात, तुला तरी कळलं नाही का रे?

आमच्या लोकांचाही दोष आहे, तो झाकत नाही. गणपतीच्या आदल्या दिवशी तुमच्या वॉर्डात काय चालतं मला ठाऊक आहे. ‘बाबांना घरी सोडा, वर्षाचा सण आहे’ म्हणून मुलगे स्वतःच्या जबाबदारीवर सही करतात. पाच दिवस घर भरलेलं, बाबा आरतीला उभे, मोदक, वडे, जागरण. गौरी-गणपतीचं विसर्जन झालं की मुंबईच्या गाड्या भरून जातात आणि घरात पुन्हा दोन म्हातारी माणसं उरतात. त्या आठवड्यात माझ्या दुकानासमोरच्या रिक्षा वाढतात. तुम्ही सण थांबवू शकणार नाही. पण तो दिवस कॅलेंडरवर वर्षभर आधी छापलेला असतो. त्या आठवड्यात घरी गेलेल्यांची यादी आशाताईंच्या हातात असायला काय हरकत आहे?

माझ्यापुरतं मी एक सुरू केलंय. भाचीनेच सांगितलं होतं, अमेरिकेतल्या बोस्टनमध्ये एका रुग्णालयाने डिस्चार्जच्या वेळी नर्सकडून सगळं नीट समजावून द्यायचं आणि दोन ते चार दिवसांनी फार्मासिस्टने रुग्णाला घरी फोन करायचा, असा प्रयोग केला. २००९ साली तो छापून आला. पुढच्या तीस दिवसांत त्या रुग्णांचं रुग्णालयात परत येणं सुमारे ३० टक्क्यांनी कमी झालं होतं. फोन करायला मला कुणाची मंजुरी लागत नाही. डिस्चार्जचा कागद घेऊन येणाऱ्याचा नंबर मी आता वहीत लिहून घेतो, उधारीच्या नव्हे, वेगळ्या वहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी, गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा, फोन लावतो. दुखण्याच्या गोळ्या देताना पोरगाही आता आधी विचारतो, दवाखान्यातून कधी आलात?

परवा एका आजींना फोन केला. खाडीपलीकडची वाडी. आठ दिवस दाखल होत्या, धाप होती, तीच तक्रार. सगळ्या गोळ्या चालू आहेत म्हणाल्या, फक्त एक सोडून. कुठली ते विचारल्यावर हसल्या. “ती गोळी घेतलंय तर रातचा चार खेपा भायर जावचा लागता. पावस बघतास मां कसो लागलो हा?”

सकाळी घ्या, खाटेजवळ भांडं ठेवा, असं सांगितलं. पायांची सूज विचारली. थोडी आहे म्हणाल्या, कालपासून. घरात त्या आणि त्यांची जाऊ. यापुढे मला काही करता येत नाही, मी डॉक्टर नाही. मी उपकेंद्राला फोन केला, उचलला गेला नाही. रुग्णालयाच्या नंबरवर केला, त्यांनी ओपीडीला घेऊन यायला सांगितलं. ओपीडी खाडीपलीकडून दोन गाड्या बदलून.

तिघांपैकी कुणीतरी मला एक नंबर द्या, जिथे मी हे सांगेन आणि तिकडून कुणीतरी त्या वाडीत जाईल. आजींचा तिसावा दिवस यायला अजून पंचवीस दिवस आहेत.

आपला,
एक औषध दुकानदार
एसटी स्टँडसमोर